डबा निराळा, वर्ग एकच

कर्जत-बदलापुराकडून मुंबईस जाणाऱ्या लोकलगाड्यांत दिव्यांग प्रवाशांसाठीं एक निराळा लहानसा डबा असतो, हें आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. सकाळीं आठच्या सुमारास अंबरनाथ किंवा बदलापूर येथील फलाटावर जो एकदां उभा राहिला असेल, त्यास हा डबा कां राखून ठेवावा लागला हें समजावून सांगावयास नको. गाडी पुरती थांबण्यापूर्वींच जेथें धडधाकट माणसें एकमेकांच्या खांद्यांवरून आंत शिरतात, तेथें काठी टेकीत येणाऱ्या अंध गृहस्थानें, कुबड्या घेतलेल्या मुलीनें किंवा एक पाय गमावलेल्या कामगारानें काय करावें? रेल्वेनें त्यांच्यासाठीं वेगळी जागा राखली हें योग्यच केलें. तथापि त्या डब्याकडे पाहतांना माझ्या मनांत नेहमीं एक विचार येतो. तो निराळा ठेवावा लागला याचें कारण त्या प्रवाशांचे पाय नव्हेत, आपलीं कोपरें आहेत. गर्दीला जागा देतां आली असती, तर त्या डब्याची फारशी गरज पडली नसती.

शाळा हीही एक गर्दीच आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही गांवांहून आमच्याकडे मुलें येतात. एकेका वर्गांत साठ-साठ, दोघांच्या बाकावर तिघें, आणि पस्तीस मिनिटें झालीं कीं घंटा. अशा गर्दींत चाकांच्या खुर्चींत बसणारा एखादा मुलगा, कानाला यंत्र लावणारी एखादी मुलगी किंवा फळ्यावरील अक्षर न दिसणारा एखादा विद्यार्थी दाखल झाला, म्हणजे पालकसभेंत एक प्रश्न हटकून निघतो: "टीचर, अशा मुलांसाठीं निराळी शाळा नसते का?" विचारणारे पालक निर्दय असतात असें मुळींच नाहीं. त्यांना त्या मुलांविषयीं कळवळाच असतो. परंतु तो रेल्वेच्या त्या डब्यापर्यंत येऊन थांबतो. या प्रश्नास सभेंत दोन मिनिटांत उत्तर देतां येत नाहीं, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंच्या सूचनेवरून मी तें येथें सविस्तर लिहीत आहें.

बदलापूर सोडलें कीं पुढचें स्थानक वांगणी. त्या गांवीं अंध व मंददृष्टि माणसांच्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मुंबईच्या मानानें तेथें घरभाडें कमी, आणि पोटाचा धंदा तर रेल्वेगाडींतच. म्हणून तीं तेथें येऊन राहिलीं. आपल्या मुलांपैकीं पुष्कळांनीं त्यांच्याकडून पेन, कंगवा किंवा किल्ल्यांची सांखळी विकत घेतली असेल. नाणें बोटांनीं चांचपून तें किती रुपयांचें आहे हें सांगणारा हा विक्रेता आमच्या सातवींतील कित्येक मुलांपेक्षां तोंडचा हिशेब अधिक चोख करतो. याच वांगणीच्या फलाटावरून १७ एप्रिल २०२१ रोजीं एका अंध मातेचें लहान मूल तोल जाऊन रुळांवर पडलें. समोरून वेगानें गाडी येत होती. मयूर शेळके नांवाचे रेल्वेचे पॉइंट्समन रुळांवरून धांवत गेले, त्यांनीं मुलाला फलाटावर ढकललें, आणि गाडी येऊन पोंचण्याच्या आंत कसेबसे स्वतः वर चढले. रेल्वेनें त्यांना पन्नास हजार रुपयांचें पारितोषिक दिलें, तेव्हां त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं त्या मुलाच्या शिक्षणासाठीं देण्याचें जाहीर केलें. सगळ्या देशानें तें दृश्य पाहिलें.

मध्यंतरीं हा प्रसंग मीं आठवीच्या वर्गांत सांगितला. धैर्य, त्याग, परोपकार असे शब्द मुलांनीं अपेक्षेप्रमाणें उच्चारले. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "टीचर, फलाटाची कड आली हें पायाला कळेल असें कांहीं नसतें का?" असतें. उंचवटे असलेल्या पिवळ्या फरशा कित्येक स्थानकांवर बसविलेल्या आपण पाहतों. पुष्कळांस वाटतें त्या शोभेसाठीं आहेत, आणि त्यांवर कोणी टोपली ठेवतो, कोणी सामान. शेळके यांच्यासारखा पुरुष प्रत्येक फलाटावर प्रत्येक घटकेला कोठून असणार? पण फरशी असूं शकते. त्या मुलीचा प्रश्न मला त्या दिवशींच्या सर्व उत्तरांपेक्षां मोलाचा वाटला.

आतां निराळ्या शाळांविषयीं. त्यांविषयीं मी अनादरानें बोलेन अशी अपेक्षा कोणी ठेवूं नये. कारण या देशांत त्यांचा पाया घालण्याचें पुष्कळसें श्रेय मिशनांकडे जातें. अंध मुलांसाठीं अमृतसर येथें मिस ॲनी शार्प यांनीं १८८७ सालीं शाळा काढली. मुंबईंत १८८५ च्या सुमारास बिशप म्यूरिन यांच्या प्रयत्नानें बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा निघाली. पुढें १९०० सालीं, दुष्काळानें गुजराथ-महाराष्ट्रांत हाहाकार उडविला असतां, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं मुंबईंत अंध मुलांसाठीं शाळा उघडली. ज्या काळीं अंध मुलाच्या हातीं भिक्षापात्राशिवाय दुसरें कांहीं द्यावयाचें असतें हेंच लोकांस ठाऊक नव्हतें, त्या काळीं या बायांनीं त्याच्या हातीं पुस्तक दिलें. त्या शाळा निराळ्या असाव्या लागल्या, कारण उठावाच्या अक्षरांचीं पुस्तकें, तीं शिकविणारे शिक्षक आणि शिकवावयाची इच्छा हीं तिन्ही तेवढ्याच ठिकाणीं होतीं.

ज्यानें तीं अक्षरें शोधिलीं त्याचें चरित्र या बाबतींत फार उद्बोधक आहे. लुई ब्रेल याचा जन्म १८०९ सालीं फ्रान्समधील कुव्रे नांवाच्या खेड्यांत झाला. बाप खोगिराचें व चामड्याचें काम करी. तीन वर्षांचा असतां त्याच्या हत्यारांशीं खेळतांना मुलाच्या डोळ्यास इजा झाली व पुढें दोन्ही डोळे गेले. त्याला घरांत कोंडून न ठेवतां गांवच्या शाळेंत इतर मुलांबरोबर बसविण्यांत आलें, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. तेथें तो नुसतें ऐकून इतरांच्या बरोबरीनें शिकत असे. पण वाचावयाची वेळ आली कीं त्याच्यापुढें कांहींच नसे. म्हणून दहाव्या वर्षीं तो पॅरिसच्या अंधशाळेंत गेला, आणि पंधराव्या वर्षीं, म्हणजे १८२४ च्या सुमारास, त्यानें आपली सहा ठिपक्यांची लिपि सिद्ध केली. मला या हकीकतींत दोन्ही शाळांचें काम स्पष्ट दिसतें. गांवच्या शाळेनें त्याला 'तूंही आमच्यांतलाच' हें शिकविलें, पण पुस्तक दिलें नाहीं. पॅरिसच्या शाळेंत त्याला वाचावयाचा मार्ग सांपडला, पण त्यासाठीं घर व गांव सोडावें लागलें. कुव्रेच्या त्या गुरुजींपाशीं उठावाचें एक पुस्तक असतें, तर मुलाला दोहोंपैकीं एकाची निवड करावी लागली नसती.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण पाहावयाचें तर पंडिता रमाबाई. त्यांची विद्वत्ता, केडगांवचें मुक्ति मिशन, तेथें अंध स्त्रियांनाही मिळालेला आश्रय, हें सर्व आपण पाठ्यपुस्तकांतून व व्याख्यानांतून ऐकतों. पण त्यांना कानांनीं कमी ऐकूं येत असे, हें किती जणांस माहीत आहे? १८८३ सालीं त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या, आणि ऐकूं कमी येतें या कारणानें तो मार्ग बंद झाला. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयानें मात्र त्यांना आंत घेतलें. तेथें त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूंही लागल्या. त्याच रमाबाईंनीं पुढें हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठींत आणिलें व १९२२ सालीं मृत्यूपूर्वीं तें काम तडीस नेलें. एका ठिकाणीं जी उणीव अडसर ठरली, ती दुसऱ्या ठिकाणीं ठरली नाहीं. कान तेच होते.

कायद्याची हकीकत थोडक्यांत सांगतें. १९७४ सालीं केंद्र सरकारनें अपंग मुलांना सामान्य शाळांत शिकविण्याची योजना प्रथम काढली. १९९४ सालीं स्पेनमधील सालामांका येथें अनेक राष्ट्रांनीं मिळून तेंच तत्त्व मान्य केलें. १९९५ सालीं आपल्याकडे कायदा झाला, आणि २०१६ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली. जुन्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यांत एकवीस आहेत. ज्यांचें अपंगत्व शेंकडा ४० किंवा त्याहून अधिक आहे अशा सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे, आणि तें शेजारच्या शाळेंत घ्यावें कीं खास शाळेंत, ही निवड त्याची आहे. 'त्याची' या शब्दाकडे पालकांनीं लक्ष द्यावें. ती निवड आमची नाहीं, आणि शेजारच्या बाकावरील मुलाच्या पालकांचीही नाहीं.

परंतु नांव हजेरीपटावर चढलें म्हणजे मूल वर्गांत आलें असें होत नाहीं. आमच्या सातवींत एक मुलगी आहे. तिच्या कानाला यंत्र आहे. यंत्र लावलें कीं सर्व ऐकूं येतें, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षांत तें यंत्र शिक्षकाचा आवाज जसा मोठा करतें तसाच पंख्याचा, बाक सरकविल्याचा, आणि आमच्या शाळेमागून जाणाऱ्या गाडीचाही करतें. म्हणून ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून राहिलेलें समजून घेते. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलूं लागले कीं तिच्यापुरता धडा तेथेंच संपतो. खिडकी शिक्षकाच्या पाठीशीं असली तर चेहरा अंधारांत जातो. हेंही तिनेंच आम्हांला सांगितलें. आतां आम्ही आधीं लिहितों, मग मुलांकडे वळून बोलतों. गाडी जात असतां थांबतों. वर्गांतील मुलें एका वेळीं एकच बोलतात, आणि बोलण्यापूर्वीं हात वर करतात. माझ्या वीस वर्षांच्या नोकरींत जें मीं छडी न वापरतां व आरडाओरडा करूनही साधूं शकलें नव्हतें, तें त्या एका मुलीच्या कानांतील यंत्रानें साधून दिलें. सातवीच्या वर्गांत हल्लीं शांतता असते, हें शेजारच्या वर्गाचे शिक्षकही मान्य करतात.

मंददृष्टि मुलाचेंही असेंच. फळ्यावर जें लिहावयाचें तें लिहितां लिहितां मोठ्यानें उच्चारावें, अक्षर मोठें असावें, काळा फळा खरोखर काळा असावा. एवढ्यानें त्याचें बरेंचसें काम भागतें. मागील बाकांवरील ज्या मुलांना आपल्याला चष्मा हवा हें अद्याप कळलें नव्हतें, त्यांचेंही भागलें.

खरा घोटाळा होतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अडचणींत. पाय चालत नाहीं हें कोणालाही दिसतें. अक्षर मनांत ठरत नाहीं हें दिसत नाहीं. अशी मुलें बोलण्यांत चतुर असतात, पण वाचतांना ओळ गाळतात, 'द' चा 'ध' करतात, एकच शब्द तीन ठिकाणीं तीन प्रकारें लिहितात, आणि आळशी म्हणून मार खातात. आमच्या या भागांत निदान आणखी अवघड आहे. उल्हासनगरच्या मुलाची घरची भाषा सिंधी, गल्लींतली हिंदी, शाळेंतली मराठी किंवा इंग्रजी. बदलापूरच्या बाजूच्या पाड्यांवरील मुलाची बोली आणखी निराळी. मूल वाचण्यांत अडखळतें तें भाषा नवी म्हणून, कीं अक्षरच त्याला दाद देत नाहीं म्हणून? घाई करणाऱ्या शिक्षकास हा भेद कळणार नाहीं. मी एक साधी कसोटी लावतें: मुलाला त्याच्या घरच्या भाषेंत गोष्ट सांगावयास लावावी, आणि मग ज्या लिपींत तो सर्वांत अधिक काळ शिकला आहे त्या लिपींतच वाचावयास द्यावें. गोष्ट सुरेख सांगितली आणि वाचन तेथेंही कोसळलें, तर मग जाणत्यांकडे पाठवावें.

कँप नंबर पांचमधील एका गृहस्थांचा जीन्स शिवण्याचा कारखाना आहे. त्यांचा मुलगा बिघडलेलें शिलाईयंत्र उघडून, दोष काढून, पुन्हां जसेंच्या तसें जोडतो. पण नववींत आला तरी परिच्छेद नीट वाचूं शकत नव्हता. "टीचर, तो कामचोर आहे," हें वडिलांचें मत ठाम होतें. सोबत मुलाचे आजोबा आले होते. ते हसून म्हणाले, "मी पण लहानपणीं उजवीकडून डावीकडेच लिहीत होतों!" सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपींत उजवीकडून लिहीत, त्यावरची ही त्यांची थट्टा होती. नातवाची अडचण त्यामुळें आली नव्हती, हें त्यांनाही ठाऊक होतें. पण त्या थट्टेनें मुलगा त्या दिवशीं प्रथमच मान वर करून बसला. पुढें वडील त्याला घेऊन सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत गेले. कारखाना बंद ठेवून तीन-चार खेपा घालाव्या लागल्या, त्या त्यांनीं घातल्या. अशा मुलांना परीक्षेंत सवलती देण्यास महाराष्ट्र सरकारनें १९९६ सालीं आरंभ केला, आणि त्या काळांत इतर राज्यांत तसें फारसें कोणी करीत नव्हतें. अधिक वेळ, गरज असल्यास लेखनिक, अशा त्या सवलती आहेत. प्रमाणपत्र हातीं आल्यावर वडिलांनीं मला विचारलें, "म्हणजे तो मुद्दाम करीत नव्हता?" आणि पुढें बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत.

आतां पालकांच्या शंकांकडे वळतें. पहिली शंका अशी कीं, अशा मुलांमुळें वर्गाची गति मंदावेल. ही शंका अगदींच निराधार आहे असें मी म्हणणार नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सहावी ते आठवीपर्यंत पस्तीस मुलांमागें एक शिक्षक असावा; आमच्या वर्गांत साठ आहेत, हें वर सांगितलेंच. ज्या मुलास शेजारीं बसून शिकवावें लागतें त्याच्याजवळ दहा मिनिटें बसलें, तर तीं दहा मिनिटें एकोणसाठ मुलांच्या वाट्यांतून जातात. त्यावर उपाय म्हणजे खास प्रशिक्षण घेतलेला शिक्षक आठवड्यांतून कांहीं तास तरी वर्गांत असणें. मूल बाहेर काढणें हा उपाय नव्हे. पालकांनीं सभेंत आवाज चढवावयाचाच असेल तर त्या शिक्षकाच्या मागणीसाठीं चढवावा. मी त्यांच्या सुरांत सूर मिळवीन. दुसरी शंका, 'आमचें मूल त्यांचें पाहून तसेंच करूं लागेल', हिला मात्र उत्तर देण्याचें मला कारण दिसत नाहीं. मुलें नक्कल करतात ती क्रिकेटपटूंची.

एक गोष्ट पालकांनीं विचारली नाहीं, ती मीच सांगतें. प्रत्येक मुलासाठीं प्रत्येक वेळीं सामान्य वर्गच श्रेष्ठ, असें मला वाटत नाहीं. जन्मतः पूर्ण बहिऱ्या मुलास खुणांची भाषा ही मातृभाषेसारखी असते. साठ बोलणाऱ्या मुलांत जर तो एकटाच असला, आणि शिक्षकासकट कोणालाच ती भाषा येत नसली, तर तो गर्दींत असूनही एकटाच राहील. अशा मुलाला आरंभींचीं वर्षें त्याच्यासारख्या मुलांच्या शाळेंत, भाषा पक्की होईपर्यंत, घालवूं देणें हेंच हिताचें. त्याला केवळ आपल्या औदार्याचें प्रदर्शन म्हणून आपल्या बाकावर बसवूं नये.

उल्हासनगरच्या पालकांना मला आणखी एक आठवण द्यावयाची आहे. १९४७ नंतर सिंध सोडून आलेलीं कुटुंबें कल्याणजवळील युद्धकाळच्या लष्करी छावणींत, बराकींतून उतरलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वस्तीची कोनशिला बसून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. त्या बराकींतील मुलांपैकीं कित्येकांस येथली लिपि येत नव्हती, बोली येत नव्हती, आणि कित्येकांनीं वाटेंत जें पाहिलें होतें त्यामुळें तीं रात्रीं दचकून उठत असतील. त्यांनाही कोणींतरी वर्गांत जागा करून दिली. 'यांच्यामुळें आमच्या मुलांचा अभ्यास मागें पडेल' असें तेव्हांही कोणी म्हणालें असेल. पण आज त्यांचींच नातवंडें आमच्या पहिल्या बाकावर आहेत.

यंदा जूनमध्यें चाकांच्या खुर्चीवरील मुलगा नववींत गेला, आणि नववीचा वर्ग पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्यांवर. आईनें त्याला पाठुंगळीस घेऊन वर न्यावें हा उपाय आठवीपर्यंत चालला. आतां मुलगा आईएवढा झाला आहे. म्हणून शिक्षकांची खोली वर गेली आणि नववी खालीं आली. व्हरांड्याचें जोतें जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच. शिपाई काकांनीं प्रेमानें एक फळी टाकून दिली. त्या फळीवरून खुर्ची चढवितांना ती मागें उलटूं पाहते, हें पहिल्याच दिवशीं दिसून आलें. नियम असा कीं एक भाग चढण्यासाठीं बारा भाग लांबी हवी. म्हणजे ४५ सेंटिमीटरांस ५ मीटर ४० सेंटिमीटर. नववींत त्रिकोणमिति असतेच. मुलांनीं दोरी धरून अंगण मोजलें, कोन काढला, तो पांच अंशांहूनही थोडा कमी भरला. आणि जास्वंदीच्या आळ्यापर्यंत जागा चारच मीटर आहे असेंही निघालें. शेवटीं उतार मध्यें सपाट जागा ठेवून वळवावा लागला. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत लोखंडी काम करणारे एक पालक कठडा जोडून देऊन गेले, आणि त्यांनीं मजुरी घेतली नाहीं. शुभवर्तमानांत चार मित्रांनीं पक्षाघात झालेल्या माणसास आंत नेण्यासाठीं घराचें छप्पर उसकटलें अशी कथा आहे. गर्दीमुळेंच त्यांना दारांतून वाट मिळाली नव्हती. ही कथा मीं लहानपणापासून शेंकडों वेळां ऐकली आहे. पण त्या घराच्या मालकानें तक्रार केली असें कोठें लिहिलेलें नाहीं, हें माझ्या लक्षांत यंदाच आलें.

उतार झाला, आणि आमचें काम संपलें असें आम्हांला वाटलें. तें संपलें नव्हतें, हें त्याच्या बाकावरील सोबत्यानें मला एकांतांत सांगितलें. हा मुलगा सकाळीं बदलापुराहून निघाल्यापासून दुपारीं घरीं जाईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. शौचालयाचें दार साठ सेंटिमीटरांचें आणि खुर्ची त्याहून रुंद. मे महिन्याच्या उन्हाळी वर्गांतही त्यानें असेंच केलें होतें, आणि कोणापाशीं शब्द काढला नव्हता. सोबत्याला हें कळलें, कारण तो रोज आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढें करी आणि ती रोज तशीच परत येई. तें दार आतां नव्वद सेंटिमीटरांचें झालें आहे. तपासणीसाठीं आलेल्या कोणत्याही अधिकाऱ्यास, किंवा आम्हां शिक्षकांपैकीं कोणास, हें दिसलें नसतें. तें एकाच बाकावर बसणाऱ्यालाच दिसलें. निराळ्या शाळेविषयीं विचारणाऱ्या पालकांना मी अलीकडे हीच हकीकत सांगतें, आणि तो सोबती अभ्यासांत मागें पडला नाहीं, हेंही सांगतें. सहामाहींत त्याला गणितांत शंभरांपैकीं ब्याण्णव गुण आहेत.

राहिली प्रयोगशाळा. ती दुसऱ्या मजल्यावर, चव्वेचाळीस पायऱ्यांवर आहे. यंदा भिंगें, चुंबक, परीक्षानळ्या व स्पिरिटचा दिवा टोपल्यांतून खालीं आणून आम्हीं वेळ निभावली; पण पुढील वर्षीं दहावीचीं प्रात्यक्षिकें आहेत, आणि नळ व मोऱ्या असलेलीं टेबलें टोपल्यांतून आणतां येत नाहींत. वर्गांतील मुलांनीं एक लेखी योजना दिली आहे: तळमजल्यावरचें ग्रंथालय वर न्यावें व प्रयोगशाळा खालीं आणावी. नळकाम करणाऱ्याकडून खर्चाचा अंदाजही आला आहे. योजनेला विरोध एकट्याचाच, आणि तो त्या मुलाचा. ग्रंथालयांतून सर्वांत अधिक पुस्तकें नेणारा तोच आहे, आणि ग्रंथालय वर गेलें तर तेथें पोंचावयाचें कसें, असें त्यानें योजनेच्या तळाशीं आपल्या सहीनिशीं लिहिलें आहे. शाळासमितीची बैठक पुढील महिन्यांत व्हावयाची आहे.